गरुडाखालचं लहान अक्षर

दिनांक १७ नोव्हेंबर २००७, शनिवार. मुक्काम कामठा, तालुका गोंदिया.
हजर: मी; माझा धाकटा भाऊ दिलीप; यमुनाबाई रहांगडाले; त्यांची सून ज्योती.
गैरहजर: रहांगडाले गुरुजी.

ही नोंद मी त्या दिवशी दुपारी वहीत केली. सभांची टिपणं लिहायची सवय आहे, म्हणून हात आपोआप तसाच चालला. कोल्हापुरातल्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची चिटणीस मी बारा वर्षं आहे. तंत्रनिकेतनाच्या भांडारात नोकरी. वस्तू आली की नोंद, गेली की नोंद. मंडळातल्या लोकांनी गोंदियाचं सविस्तर लिहा म्हटलं म्हणून लिहिते आहे, नाहीतर हा प्रवास मी कुणाला सांगितला नसता.

आधी नाण्यांबद्दल. २००१ साली माझ्या अमेरिकेतल्या मामेभावानं तीन चांदीचे डॉलर पाठवले. १८९६, १९०० आणि १९०२ सालचे. एका बाजूला बाईचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड, आणि गरुडाखाली टांकसाळीची खूण म्हणून 'ओ' हे अक्षर. प्रत्येक नाणं कडक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद केलेलं आणि आत चिठ्ठी: नाणं अस्सल आहे. तिकडच्या नामांकित कंपनीचं प्रमाणपत्र. तिन्ही मी मंडळातर्फे अदलाबदलीला ठेवले. एक सांगलीला गेला, एक नाशिकला. तिसरा, १९०२चा, कामठ्याच्या रहांगडाले गुरुजींनी घेतला. बदल्यात त्यांनी टपालानं नागपूरकर भोसल्यांच्या काळातले दोन चांदीचे रुपये पाठवले. सुती कापडात शिवून, वर लाखेची मोहर.

२००३च्या पावसाळ्यात गुरुजींचं पत्र आलं. गरुडाखालचं अक्षर त्यांना फार लहान वाटत होतं. पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हतं. भिंगातून पाहून त्यांनी ते पेन्सिलीनं मोठं काढून पाठवलं होतं. मी उलटटपाली कार्ड टाकलं. त्या आठवड्यात बारा पत्रं निकालात काढायची होती, हे त्यातलं सहावं.

दोन वर्षांनी त्याच कंपनीनं जाहीर केलं की लहान अक्षराची ती सगळी नाणी बनावट आहेत. फार पूर्वी कुणीतरी खऱ्या चांदीतच पाडलेली. कंपनीला इतकी वर्षं जे दिसलं नव्हतं, ते कामठ्याच्या एका निवृत्त शिक्षकाला खिडकीपाशी बसून दिसलं होतं.

तेव्हाच कळवायला हवं होतं. सांगलीचा डॉलर मी आठवड्यात परत आणला, कारण सांगली जवळ. नाशिकचा पुढच्या वर्षी, भाचीच्या लग्नाला गेले तेव्हा. कामठा यादीत तिसरं होतं. असं पत्रानं सांगू नये, समोर जाऊन सांगावं, असं मी स्वतःला बजावत राहिले. दुसरंही एक कारण होतं, तेही लिहिते. प्रमाणपत्र असलेले हे खोटे डॉलर एव्हाना दुर्मीळ झाले होते. कंपनी ते परत घेऊन बाजारातून काढत होती आणि संग्राहक न फोडलेल्या डबीसाठी हात धुऊन मागे लागले होते. माझ्याकडे दोन होते. तिसरा मिळाला की संच पुरा. पत्र लिहिलं असतं तर गुरुजींनी तो दुसऱ्या कुणाला दिला असता.

निघताना पिशवीत यादी होती ती अशी:
१. गुरुजींना सांगणे: तुम्ही बरोबर होता, मी चुकले.
२. दोन रुपये परत देणे.
३. डॉलर डबीसकट परत घेणे.
४. इटियाडोह धरण पाहणे (दिलीपसाठी).

पहिल्या खर्ड्यात तिसरं काम पहिलं होतं. गाडीत बसल्यावर क्रम बदलला.

गोंदिया

आमच्या कोल्हापुराहून सुटणारी एक्सप्रेस थेट गोंदियालाच संपते. कुठं गाडी बदलायची नाही, काही नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, आणि मधे फक्त एक तिकीट.

"अक्का, सामानाच्या यादीत माझं नाव कितवं?" दिलीपनं विचारलं.

"नववं."

"आठवं काय?"

"टॉर्च."

स्टेशनाबाहेर आलो आणि मराठी मागे पडल्यासारखी वाटली. मी मराठीत विचारायची, उत्तर हिंदीत यायचं. लॉजवाल्यानं वहीत 'कोल्हापूर' वाचलं आणि म्हणाला, "अच्छा, चप्पलवाले!" दिलीपनं सकाळी मिसळ मागितली. टपरीवाला म्हणाला, "मिसल नहीं है भैया, समोसा है, पोहा है. और बैठिए तो सही." पोह्यांवर त्यानं लाल रस्सा ओतला. दिलीप दोन घास खाऊन म्हणाला, आपल्याकडे पोह्यांवर असं काही ओतलं तर आई ताट उचलून नेईल. मग दुसरी प्लेट मागितली. स्टेशनच्या रस्त्याला बायका उकडलेले शिंगाडे विकत होत्या, काळे, शिंगांसकट. मी गुरुजींसाठी किलोभर घेतले. जिथं पिकतात तिथंच शिंगाडे न्यायचे म्हणजे कोल्हापूरकराला गूळ नेण्यासारखं, हे नंतर लक्षात आलं.

शनिवारी सकाळी रिक्षा ठरवली. रिक्षावाला म्हणाला, "कामठा? वहाँ मंडई है दीदी. भीड़ रहेगी."

दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते. जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची. लग्न होऊन गेलेल्या लेकी, जावई, व्याही, सगळे त्या दिवशी येतात. घरोघरी जेवणं, रात्री नाटक किंवा दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. आमच्याकडे ऊस उभा असला की शेजारच्या शेतातला माणूस दिसत नाही. इथं सगळं उघडं. कापलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मधे धानाचे गोल रचलेले पुंजने, एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, पाण्यात बगळे. कोण येतंय ते गावाला अर्ध्या कोसावरून दिसावं.

कामठा

गावात प्रत्येक दारात पाहुणे होते. चपला, सायकली, वड्यांचा वास. रहांगडाल्यांच्या दारात एकही चप्पल नव्हती. ओसरी सारवलेली, पण रांगोळी नाही. एक तिशीची बाई सुपात लाखोरीची डाळ निवडत होती.

मी नाव सांगितलं. ती उठली, पाणी आणलं, आत हाक मारली, "आई, कोल्लापूरच्या बाई आल्या." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बसा जी. बाबूजी नाही राहिले. शिवरात्रीच्या आगंमागं गेले."

म्हणजे नऊ महिने झाले होते.

"मी कार्ड टाकलं होतं, येत असल्याचं," मी म्हणाले.

"आलं ना कार्ड. आई म्हने येऊ दे त्यायले. मानूस गेल्याचं कार्डावर काय लिहाचं?"

यमुनाबाई बाहेर आल्या. उंच, पाठीत वाकलेल्या, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. त्यांनी आधी दिलीपला आणि मग मला हातानं चाचपून बसवलं. "यंदा आमचे सन नाही," म्हणाल्या. "दिवाळी नाही केली, मंडई नाही. पन तुमी जेवल्याबिगर जाचं नाही. तुमचं नाव लय घेत ते."

"माझं?"

"तं कोनाचं? तुमची चिठ्ठी हाय ना घरात."

ज्योतीनं कपाटातून जाड वही आणली. गुरुजींची वही माझ्या वहीसारखीच होती. तारखा, समास, लाल रेघ. एका पानावर त्यांनी तेच पेन्सिलीचं चित्र काढून ठेवलं होतं, गरुडाखालचं अक्षर, लिंबाएवढं मोठं करून. त्याखाली माझं कार्ड चिकटवलेलं.

"वाचा," यमुनाबाई म्हणाल्या. "मले आता दिसत नाही. ते वाचून दाखवत. तुमच्या हातचं हाय, तुमीच वाचा."

मी वाचलं. "सप्रेम नमस्कार. आपले पत्र पावले. कंपनीचे प्रमाणपत्र असताना शंका नसावी. अशा शंकांनी संग्राहकाचा आनंद जातो. कळावे." खाली माझी सही.

यमुनाबाई मान हलवत होत्या. त्यांना ते पाठ होतं.

पुढचं ज्योतीनं सांगितलं. यांच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या थाळीत घरातली चांदीची नाणी ठेवतात, दुधानं धुऊन. खोटं नाणं थाळीत चालत नाही. ते ठेवलं तर घरातल्या खऱ्याचीही बरकत जाते, अशी समजूत. डॉलर आला त्या दोन दिवाळ्यांना गुरुजींनी तो थाळीत ठेवला नाही. शंका आहे तोवर नाही. गोंदियाच्या सोनारानं डबीवरूनच पाहून सांगितलं, "मास्तर, चांदी एक नंबर आहे." तरी नाही. शाळेत मुलांना भिंगातून दाखवून आले: पाहा, खोटं असं ओळखायचं. मग माझं कार्ड आलं.

"बाबूजी दोन दिवस जेवले नाही," ज्योती म्हणाली. "म्हनत, मी लक्ष्मीचा अपमान केला. दिवाळीले लोखंड कापाची आरी आनली आन डबी कापली. बंद डबीले दूध कसं लावाचं? धुतलं, पुसलं, थाळीत ठेवलं. तवापासून देवाऱ्यात हाय."

देव्हारा समोरच होता. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि मधे उभा केलेला डॉलर. बाईच्या कपाळावर हळदकुंकू. गरुडाची बाजू भिंतीकडे.

डबी फोडली होती. म्हणजे संच गेला. हे माझ्या मनात आधी आलं आणि त्यानंतर बाकीचं, हेही लिहून ठेवते.

"आन सुट्ट्या संपल्यावर शाळेत गेले," ज्योती पुढे म्हणाली. "रिटायर होते, तरी गेले. सातवीच्या पोरायसमोर उभे राहिले आन म्हनले, मी तुमाले चुकीचं शिकवलं. नानं खरं हाय. मी चुकलो."

वहीत त्याची नोंद होती. तारीख, इयत्ता सातवी, आणि हजर मुलांची नावं. एकोणीस. शेवटी एक ओळ: 'मुलांची क्षमा मागितली. मन हलके झाले.'

मी बसल्या जागी सगळं सांगितलं. नाणं खोटं आहे. गुरुजींनी जे अक्षर पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. मी न पाहता कार्ड टाकलं. पुढं मोठ्या कंपनीनं तेच सांगितलं, गुरुजींच्या पत्रानंतर दोन वर्षांनी.

शेजारच्या घरातून पाहुण्यांचं हसणं येत होतं.

"कवा समजलं तुमाले?" ज्योतीनं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी."

"बाबूजी तवा होते."

"हो."

"मंग काऊन नाही सांगितलं? कार्ड तं तुमी लिहितच होत्या. कायले थांबल्या?"

कोल्हापूर लांब आहे म्हणावं तर गाडी सरळ होती. मी यादीबद्दल काही बोलले नाही.

मग मी दोन रुपये काढले. गुरुजींनी शिवलेलं कापडही मी जपून ठेवलं होतं. यमुनाबाईंनी रुपये बोटांनी फिरवून पाहिले. "हे तं माह्या सासऱ्यायले बांधीत सापडले होते. नांगराले लागले." इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे तेव्हा भरले. "खरे देऊन खोटं आनलं म्हना त्यायनं."

"डॉलर मी परत नेते, आई. हे ठेवून घ्या."

त्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या, डॉलर हातात घेतला. मला वाटलं, देणार. त्यांनी तो पदरानं पुसला, होता तिथं ठेवला आणि दोन्ही रुपये त्याच्या शेजारी टेकवले.

"चालत नाही ना खोटं?" मी म्हणाले.

"नाही चालत. पन त्यायनं ठेवलं. आता मी उचलू का? मी उचललं तं ते दोनदा चुकले असं होते." त्या खाली बसल्या. "तुमाले त्याचं प्लास्टिक पायजे असन तं न्या. त्यायनं पाकिटात ठेवलं हाय."

पाकिटावर गुरुजींच्या अक्षरात 'डॉलरची डबी, दोन तुकडे, चिठ्ठीसह' असं लिहिलेलं होतं. चिठ्ठी अखंड होती. अस्सल असल्याचं प्रमाणपत्र, आणि आत नाण्याच्या आकाराचा रिकामा खळगा. मी ते घेतलं. नको म्हणायला हवं होतं.

जेवण साधं होतं. भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी. सण नव्हता, तरी ज्योतीनं आमच्यापुरते चार वडे तळले. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी पाहुणा जेवत नाही, पाणी पिऊन उठतो. इथं यमुनाबाई हात धरून वाढत होत्या. ताटात टाकायची सोय नव्हती. माझे शिंगाडे त्यांनी सोलून मलाच वाढले.

निघताना ज्योती दारापर्यंत आली. "आईले सांगून काय होनार हाय? आमी तं कवाचंच मानून बसलो होतो, बाबूजी असे चुकनार नाही म्हनून. सांगाचं असन तं जेथं त्यायनं माफी मागली तेथं सांगा."

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. फाटकाला कुलूप. मुख्याध्यापक गावी गेलेले. आणि कुलूप नसतं तरी आत कोण असणार? ती सातवी तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेली होती.

मंडई

रविवारी, मंडईच्या दुसऱ्या दिवशी, इटियाडोहला न जाता पुन्हा कामठ्याला गेलो. एकोणीस नावं मी उतरवून घेतली होती. मंडईला सगळे गावी येतात, दोनचार तरी भेटतील असा हिशेब. दिलीप म्हणाला, "धरण कुठं पळून जातंय." यादीतलं त्याचं एकमेव काम त्यानं सोडलं.

आम्ही दुकानादुकानात नावं विचारत फिरलो. एक सुरतेला, एक नागपूरला बांधकामावर, दोघी लग्न होऊन बालाघाटकडे. एका मुलाचं नाव घेतल्यावर त्याचा काका विषय तोडून दुकान आवरायला लागला, मग आम्ही पुढं गेलो. दुपारी बांगड्यांच्या दुकानात एक भेटली. कविता, सोळा वर्षांची, आत्याला मदत करत होती. ग्राहकाच्या हातात बांगड्या चढवता चढवता बोलत होती.

"रहांगडाले सर? हो ना, आले होते वर्गात. माफी मागली होती आमाले."

"कशाची ते आठवतं?"

"नानं होतं ना काईतरी? इंग्रजाचं? सर म्हनले, मी चुकलो." तिनं बांगडी दाबून पुढं सरकवली. "आमाले मजाकच वाटली. सर कधी चुकलो म्हनतात का? हासलो आमी. सगळेच हासले. मंग सरायच्या डोळ्यात पानी आलं, तवा चूप झालो."

"ते चुकले नव्हते," मी म्हणाले. "नाणं खोटंच होतं. त्यांनी आधी सांगितलं तेच खरं होतं."

"असं का?" तिनं मान वर केली. "मंग त्यायले सांगा ना."

"ते गेले."

"हो. ते तं हायच." मग ग्राहकाला म्हणाली, "हात ढिला सोडा मावशी, नाही तं फुटन."

मी एका नावापुढं खूण केली.

परत आल्यावर

सोमवारी गाडीत बसलो. सांगण्यासारखं काही नाही. दिलीपनं माझ्या यादीतल्या टॉर्चवरून विनोद करायचा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मंडळाच्या सभेत दोन डॉलर आणि रिकामी डबी दाखवली. सभासदांनी डबीच जास्त वेळ हातात घेतली. प्रमाणपत्र आहे, नाणं नाही, असं कधी पाहिलं नव्हतं म्हणाले. एकानं अदलाबदलीची इच्छा दाखवली. मी तिन्ही वस्तू कपाटात ठेवून किल्ली दिलीपकडे दिली.

पोस्टातून अठरा कार्डं आणली. प्रत्येकावर तोच मजकूर, प्रत्येक वेळी नव्यानं लिहिला, कार्बन लावला नाही: 'तुमचे रहांगडाले सर २००३ साली नाण्याबद्दल जे पहिल्यांदा म्हणाले ते बरोबर होते. ते चुकले नव्हते. चूक माझी होती. त्यांनी तुमची क्षमा मागितली ती मी त्यांना परत देऊ शकत नाही, म्हणून तुम्हाला कळवते.' खाली सही आणि माझा पत्ता.

ज्योतीला पत्ते विचारले आहेत. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं: काही गावात परत येत नाहीत, जे येतात त्यांना विचारून पाहते.

अठरा कार्डं टेबलावर आहेत. मजकुराची बाजू सगळ्यांची भरली आहे. पत्त्याच्या बाजूला नावं लिहिली आहेत, त्याखालच्या ओळी कोऱ्या.